घंगाळाचं बूड

तुंगार्ली, सन १९३८

गंगाधरपंत साहेबांना भिमाजी डायवरचा रामराम.

साहेब, मोटारीच्या इंजनाच्या सांध्यातलं पॅकिंग जळलं तवा तुमीच म्हनला, "गॅरेजला न्यायची न्हाई. घरच्या घरी भागव." मी भागवलं. बाईसाहेबांचं न्हानीतलं तांब्याचं घंगाळ चोरीला गेलं असं मी सांगितलं, ते खोटं. त्याचं बूड कापून मी इंजनात पॅकिंग घातलंय.

काल त्याच मोटारीतनं बाईसाहेबांना चोर हुडकायला मळवलीच्या देवऋष्याकडं नेलं. त्यानं तांदूळ टाकलं आन म्हनला, "घंगाळ तुमच्यासंगच फिरतंय." बाईसाहेब "थोतांड!" म्हनून दक्षिणा न देताच उठल्या. घाम मला फुटला. त्यात इंजन हँडल एकदा फिरवताच सुरू झालं.

म्हनून आज खरं लिवलं. पर इंजनाच्या खालच्या झाकणातनं अजून तेल ठिबकतंय, आन हा कागद चांगला जाड हाय. त्योच कापून तितं बसवतो. ज्या दिशी तुमी पैसं खर्चून मोटार गॅरेजला न्याल, त्या दिशी मेस्तरी तुमाला वाचून दाखवंल.

तवर मी निर्धास्त हाय.

तुमचा इमानी,
भिमाजी