काळजाला पाडलेली भोकं

महदिया, ५ जून १९९९

चि. शादलियास अ. उ. आशीर्वाद.

अगं, बरी झाले! ट्यूनिसच्या डॉक्टरांनी फासळ्यांमधून शिरून लेझरने माझ्या काळजाला वीसेक भोकं पाडली. रक्ताच्या नळ्या इतक्या बुजलेल्या, की जोड लावायलाही जागा नव्हती म्हणे. आमचे हे असते तर म्हणाले असते, मन्नूबियाच्या काळजात शिरायचं तर गिरमिटच हवं! जिना चढताना छाती आवळायची ना, ती आता आवळतच नाही. सिहामचं लग्न डोळ्यांनी बघणार. नातीच्या गादीची लोकर समुद्रावर मीच धुणार, असं सूनबाईला सांगूनही टाकलं. पत्र जरा मोठ्या अक्षरात लिही. तुझी मुंग्यांची रांग मला लागत नाही, नाजिहाच वाचून दाखवते.

तुझी ताई

कैरवान, १४ जून

ती. मन्नूबियाताईस शादलियाचा सलाम वि. वि.

लोकरीला हात लावू नकोस! मी डॉक्टरांना फोन केला होता. ते म्हणाले, दुखणं थांबलंय, पण नळ्या बुजलेल्याच आहेत. लेझरने बहुधा दुखणं कळवणाऱ्या नसाच जळाल्या. आधी दुखलं की तू थांबायचीस. आता काळीज ओरडणारच नाही. जड उचललंस तर मरशील, हे त्यांनी नाजिहाला निघतानाच बजावलंय. तुला बोलली नाही? फोन केला की तीच उचलते, आई झोपल्यात म्हणते. हे पत्र लेकाकडून, मुंजीकडून वाचून घे, सुनेकडून नको.

जिवाला जप. तुझी धाकटी

महदिया, २५ जून

चि. शादलियास अ. उ. आशीर्वाद.

पत्र पावलं. मुंजी बोटीवर गेलाय, म्हणून नाजिहानेच वाचलं. हसू आवरेना तिला! आळस केलास तर मरशील, लोकर तूच धू, असं लिहितेस होय गं फटकळ? आणि डॉक्टरांना मुद्दाम फोन केलास. जड उचललं की भोकं मोकळी राहतात, हे मला कुठे ठाऊक होतं! भिजलेली लोकर म्हणजे मेलेली मेंढी. आज पाच टोपल्या गच्चीवर नेल्या. नाजिहा खालून भरून देते. माझ्या खोलीला रंगही काढलाय तिने, नवरानवरी तिथेच राहणार. मग मी कुठे, विचारलं तर म्हणते, तोवर तुमची सोय होईल हो आई. गुणाची पोर!

दरदरून घाम फुटलाय, दम पुरत नाही, बोटं गार पडलीत, अक्षर बघ कसं वाकडं येतंय. पण दुखतं म्हणशील, तर एवढंसुद्धा नाही! आवरते. टोपली भरली म्हणून नाजिहा हाक मारतेय.

माया पातळ होऊ देऊ नकोस.

तुझी ठणठणीत ताई