उजनीच्या होडीत

अव्वा,

सातव्या महिन्यात कुठं जाऊ नको म्हणाली होतीस. तरी डॉक्टरांना विचारून काल आम्ही उजनीला रोहित पक्षी बघून आलो. तू रागावशील, म्हणून हे पत्र धाडणार नाही.

बाळ येणार हे कळल्यापासून माझी लेक धनू माझ्या पोटाला हातच लावत नव्हती. काल होडीत बसलो, समोरून थवा उडाला आणि बाळानं जोरात लाथ मारली. मी दचकले.

"काय झालं गं?" धनूनं विचारलं.

मी तिचा हात पोटावर ठेवला. तिनं हात तसाच ठेवला. मग वाकून पोटाशी बोलली, "घाबरू नको. पक्षी आहेत की नुसते. बाहेर आल्यावर दाखवते."

अव्वा, मी तुझ्या पोटात असताना तू कुठं कुठं गेलीस? माझ्याशी पहिल्यांदा कोण बोललं?

तुझी,
सिद्धेश्वरी