बांधावरून परत गेलेल्या कोंबड्या

आई, सकाळी खुराड्याचं दार उघडलं की मी तुझ्यासारखीच उकिडवी बसते. गुडघे कुरकुरतात, पण उभ्याने बघून काही कळत नाही, हे तूच शिकवलंस. दाणा टाकायच्या आधी बघायचं. पहिली बाहेर कोण आली, शेवटी कोण, कोणी पिसं फुलवून मान आत ओढली आहे, कोणाची शेपटी उतरली आहे. दाणा टाकला की आजारी कोंबडीही चारचौघींबरोबर धावत येते, उगाच दोन दाणे टिपते आणि आपण फसतो. ‘दाना टाकायच्या आदी बग,’ तू म्हणायचीस, ‘मंग समदं खरं दिसतं.’ माझ्याकडे आता बावीस आहेत. तू होतीस तेव्हा होती तशीच एक थोराड तांबडी सगळ्यांना धाकात ठेवते. नवी कोंबडी आली तर आधी तीन आठवडे ती लांब, परसाच्या दुसऱ्या टोकाला, डालग्याखाली. मग एका तिन्हीसांजेला, बाकीच्या दांडीवर बसल्या की हळूच त्यांच्यात सोडायची, म्हणजे सकाळी त्यांना वाटतं ही कालपासून इथलीच. तरी चोची मारतातच. मग मेथीची जुडी सुतळीने टांगते. एकमेकींची पिसं उपटायचं सोडून त्या जुडीच्या मागे लागतात. पावसाळ्यात खाली भाताचं तूस घालते आणि ओलं झालं की लगेच बदलते. आपल्या मावळातली ओल माणसाच्या हाडात शिरायच्या आधी कोंबडीच्या पोटात शिरते.

हे सगळं मला येतं याचं आता गावात कौतुक होतं. शाळेत असताना मला याची लाज वाटायची. आबांची रेल्वेत नोकरी होती म्हणून मी लोणावळ्याच्या कॉन्व्हेंटमध्ये पोचले, तिथल्याच बोर्डिंगात राहिले. शनिवारी बेडशाला घरी यायचं, रविवारी परत. परत जाताना मी आधी स्वतःच्या वेणीचा वास घ्यायचे. सिस्टरांच्या त्या चकचकीत फरशीवर चालताना वाटायचं, आपल्या बुटांना काहीतरी चिकटलेलं आहे आणि ते सगळ्यांना दिसतं आहे. मुली विचारायच्या, तुझी आई काय करते? मी म्हणायचे, घरीच असते. तुझ्या अंड्यांवर माझ्या वह्या, माझे बूट, माझा निळा स्वेटर आला होता, हे मला ठाऊक नव्हतं असं नाही.

मी आठवीत असताना मानमोडी आली. कोंबड्यांचा तो आजार आला की गावात काय व्हायचं, ते आता सांगितलं तर शहरातल्या माणसांना खरं वाटत नाही. जिच्या घरी कोंबड्या मरायला लागायच्या ती बाई उरलेल्या टोपलीत घालून बहिणीकडे, नाहीतर माहेरी नेऊन ठेवायची. तिथे तरी जगतील म्हणून. आजार अशाच टोपल्यांतून गावोगाव फिरायचा. तूही एकदा माहेरच्या दोन तलंगा, अजून अंड्यावर न आलेल्या, मायेने घरात घेतल्या होत्यास आणि आठ दिवसांत खुराडं रिकामं झालं होतं. तेव्हापासून तुझा नियम ठरला. त्या शनिवारी मी ओसरीवर अभ्यास करत बसले आहे आणि मावशी टोपली डोक्यावर घेऊन बांधावर येते आहे, हे मला आजही जसंच्या तसं दिसतं. तू धावत गेलीस आणि तिला बांधाच्या पलीकडेच थांबवलंस.

“आगं, चार दिस ठेव. सख्खी भईन हाय मी तुजी,” मावशी म्हणाली.

“व्हय, म्हनून तर सांगती. म्हागारी ने.”

“जित्त्या हायेत समद्या. बग तरी टोपलीत!”

“न्हाई बगत. तू आजारी पडून आली असतीस तर मांडीवर डोकं घेतलं असतं तुजं. कोंबडी घ्यायची न्हाई.”

“लय शानी झालीस, रेल्वेवाल्याची बायकू!”

तू आत गेलीस. तिला चहासुद्धा बांधावर नेऊन दिलास. पाहुणीला, सख्ख्या बहिणीला, बांधावर चहा! मावशीने कप गवतात ओतला आणि टोपली उचलून निघाली. शेजारच्या बायका बघत होत्या. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. आमच्या शाळेत दर आठवड्याला दयेवर प्रवचन असायचं आणि माझ्या घरी हे.

दुसऱ्या दिवशी पहाटे तू मावशीच्या गावी चालत गेलीस आणि अकरा दिवस आली नाहीस. त्याच अकरा दिवसांत माझं बक्षीस होतं, इंग्रजी वक्तृत्वाचं पहिलं. तू येणार म्हणून मी सिस्टरांना सांगून ठेवलं होतं. पुढच्या रांगेतली एक खुर्ची समारंभभर रिकामी राहिली. तू परतल्यावरच्या शनिवारी मी घरी येऊन ओरडले, तुला माझ्यापेक्षा कोंबड्या प्याऱ्या! तू अंगण झाडत होतीस. खराटा न थांबवता म्हणालीस, “कोंबड्या न्हाई गं. भईन.” एवढंच. तू तिथे काय केलंस ते पुष्कळ वर्षांनी मावशीकडूनच कळलं. मेलेल्या चुना घालून पुरल्यास, धडधाकट होत्या त्या वेगळ्या काढल्यास, त्यांचं पाणी आणि भांडी वेगळी केलीस, आणि निघताना नदीवर न्हाऊन, तिचंच लुगडं नेसून, अनवाणी घरी आलीस. पायांबरोबर आजार नको म्हणून चपला तिथेच टाकल्यास. मावशीच्या सात वाचल्या. आपल्या एकीलाही काही झालं नाही, आणि आपल्या आळीतल्याही कोणाच्या नाही.

आता माझी गोष्ट सांगते, कारण तीच सांगायला बसले आहे. पिंपरीच्या शाळेत तीस वर्षं शिकवून मी परत इथे आले. आळीतल्या पाच घरांत माझ्या खुडूक कोंबड्यांनी उबवलेली पिल्लं वाढली आहेत, त्या अंड्यांवर त्या बायकांचा हातखर्च चालतो. गेल्या थंडीत उर्शाला, माझ्या सासरच्या गावी, मानमोडी आल्याचं कळलं आणि दोनच दिवसांनी माझी धाकटी जाऊ रिक्षातून उतरली. तिच्या हातात प्लास्टिकचा क्रेट होता, वरून ओढणी बांधलेली.

“ताई, तुमच्याकडं लस देतात. तुमच्याकडं वाचतील ह्या.”

मी फाटकात उभी राहिले. मागे माझ्या बावीस, आणि पलीकडे पाच घरांतल्या. तिचे डोळे रडून लाल झालेले. तिने त्या कोंबड्यांवर धाकट्या मुलीचा कॉलेजचा पास, मोबाइलचं रिचार्ज, काय काय चालवलं होतं ते मला माहीत होतं. फाटकाची कडी माझ्या हातात होती आणि ती उघडणं फार सोपं होतं.

“नाही घेत गं,” मी म्हटलं. “परत ने. मी येते तुझ्याबरोबर.”

“तुम्ही? तुम्ही येऊन काय करणार? वर्ग घेणार का कोंबड्यांचा?”

“घेईन. हजेरीपण घेईन. थांब, चहा आणते.”

“फाटकात देताय चहा? शिकलेल्या माणसांचं असंच असतं बघा.”

पण तिने चहा ओतला नाही, प्यायली. एवढी ती मावशीपेक्षा बरी. मी आळीतल्या बायकांना माझ्या कोंबड्यांचं दाणापाणी बघायला सांगितलं, कोणाकडूनही नवी कोंबडी घ्यायची नाही असं बजावलं, आणि त्याच रिक्षात बसले. सहा दिवस उर्शाला राहिले. सरकारी दवाखान्यातला तरुण डॉक्टर थर्मासमध्ये बर्फावर लस घेऊन आला. तो डोळ्यात थेंब टाकायचा, मी पंख धरायचे. त्याच्या आधी मी रोज दाण्याअगोदर उकिडवी बसून धडधाकट आणि संशयाच्या वेगळ्या केलेल्या असायच्या. पहिल्या दिवशी जाऊ माझ्याशी बोलली नाही. तिसऱ्या दिवशी मेलेल्या पुरताना खड्डा तिने खणला, चुना मी टाकला, आणि ती म्हणाली, “ताई, तुमच्या त्या पुण्याच्या साडीला चुना लागला.” तेव्हा कळलं की राग गेला. एकतीसपैकी अठरा वाचल्या. निघताना मी तिच्या मोरीत न्हाले, तिचा गाऊन घातला आणि चपला तिथेच ठेवल्या. साठी उलटलेली बाई, गाऊनमध्ये, अनवाणी, रिक्षातून बेडशाला. मला इतका अभिमान आयुष्यात कधी वाटला नव्हता, त्या वक्तृत्वाच्या बक्षिसाचाही नाही. आळीतली एकही कोंबडी गेली नाही.

महिन्याभराने तोच डॉक्टर आळीत लस द्यायला आला. बायकांनी त्याला सगळं सांगितलं, बोट माझ्याकडे दाखवून. तो म्हणाला, “मॅडम, आम्ही गावोगाव हेच सांगत फिरतो आणि कोणी ऐकत नाही. तुम्ही हे कुठे शिकलात? मला पुढच्या मेळाव्यात सांगायचं आहे.” बायका माझ्याकडे बघत होत्या. मी पदर नीट केला आणि म्हटलं, “वाचलं होतं कुठेतरी. इंग्रजीत.”

तो मान डोलावून निघून गेला. त्याचा नंबर माझ्याकडे आहे. मेळावा परवा आहे. रोज ठरवते की फोन करून सांगावं, वाचलं नव्हतं, माझ्या आईने शिकवलं. आजही तेच ठरवलं होतं, आणि फोन करायच्या ऐवजी तुला हे लिहीत बसले.