आईला दाखवायचा कार्यक्रम

बाबा,

गेल्या महिन्यात आईला दाखवायचा कार्यक्रम झाला. घरात नाही, पोहे-चहा नाही, घोडबंदरच्या खाडीत, बोटीवर. खरं तर दाखवले गेले ते समोरचे गृहस्थ आणि बघायला गेलेले मी, तुमची एकुलती एक मुलगी, जिच्या स्वतःच्या वेळी तुम्ही नव्हतात आणि आईने एकटीने सगळं निभावलं. तुम्ही असतात तर हा कार्यक्रमच निघाला नसता, हे मला कळतं. तरी सगळ्यात आधी तुम्हालाच सांगावंसं वाटलं. आज दुपारी घरात कोणी नाही, म्हणून बसले.

आधी ते कोण ते सांगते. मोहने गावच्या जुन्या कारखान्यात होते, तो बंद पडला तेव्हापासून घरी. राहायला शहाडला. बायको जाऊन बरीच वर्षं झाली, मुलगा नाशिकला असतो. मी त्यांना काका म्हणते. आईची आणि त्यांची ओळख कल्याणला डोळ्यांच्या दवाखान्यात झाली. दोघांचा मोतीबिंदू एकाच सुमारास पिकला. डॉक्टरांनी तपासायच्या आधी डोळ्यांत थेंब घालतात ना, तसे घालून नर्सने दोघांना एका बाकावर शेजारी बसवलेलं, डोळे मिटून. आईला शेजारून आवाज आला, "तुमचा नंबर कितवा हो?" आई म्हणाली, "डोळे मिटून कागद कसा वाचू?" त्यावर ते इतके हसले म्हणे, की नर्स ओरडली. तर असे अर्धा तास दोघं न बघता बोलत बसले. पुढच्या तपासणीला परत भेटले, मग फोन, मग कधी काळ्या तलावावर फेरी, कधी नुसताच चहा. मला ह्यातलं काहीही माहीत नव्हतं. मी रविवारी डोंबिवलीला आईकडे गेलेले, आई मेथी निवडत होती, आणि गॅसचा नंबर लावलाय म्हणावं तशा आवाजात म्हणाली, "अगं, त्या शहाडच्या काकांनी विचारलंय."

"काय विचारलंय?"

"लग्नाचं."

मी हसले. ती हसली नाही. मेथीच्या काड्या एका बाजूला करत राहिली. मग म्हणाली, "मी अजून काही बोलले नाही. आधी तू बघ त्यांना."

त्या रात्री मला तुमची फार आठवण आली असं लिहिलं तर तुम्ही म्हणाल, उगीच. पण आठवलात खरे, आणि आठवलात ते ठाण्याच्या जुन्या घरातल्या ओट्यापाशी. सुट्टीच्या दिवशी तुम्ही आईला स्वयंपाकघरातून हाकलायचात. बनियनवर उभे राहून बोंबील तळायचात. खोपटच्या एसटी डेपोत आठवडाभर गाड्यांची इंजिनं खोलून तुमच्या नखांत जे काळं बसलेलं असायचं ते लिंबाने घासून घासून काढायचात, आणि मगच रव्याला हात लावायचात. आई बाहेर खुर्चीवर बसून ओरडायची, "तेल जास्त तापवू नका!" तुम्ही उत्तर द्यायचा नाहीत. तुम्ही कशालाच फारसं उत्तर द्यायचा नाहीत. आईसाठी अबोलीचा गजरा आणायचात तोसुद्धा डब्याच्या वरच्या खणात लपवून. दारात डबा तिच्या हातात देऊन तुम्ही थेट मोरीत. गजऱ्याला कायम भाजीचा वास. तो तसाच माळून ती शेजारी हळदीकुंकवाला जायची.

बोटीची कल्पना काकांची. मला म्हणाले फोनवर, "हॉटेलात समोरासमोर बसलो तर मी फार बडबडतो, बोटीत गाईड बोलेल." घोडबंदरला हल्ली अशी फेरी असते. धक्क्यावर आम्ही पोचलो तेव्हा ते आधीच येऊन उभे होते. इस्त्रीचा पांढरा शर्ट, खांद्याला भलीमोठी पिशवी. पिशवीत चहाचा थर्मास, आवळा सुपारी, ओवा, तीन टोप्या आणि एक छत्री. मला टोपी देताना म्हणाले, "मापाची नसेल तर सांगा, मी वेगवेगळ्या मापाच्या आणल्यात." मला माणूस जरा हास्यास्पद वाटला, खोटं कशाला सांगू. तुमच्यासारखा उंच नाही, तुमच्यासारखा गप्प नाही. लाइफ जॅकेटचे पट्टे त्यांनी उलटेच लावले आणि ते आईने सोडवून नीट लावून दिले. ते बघताना मी मोबाईल काढून उगाच खाडीचे फोटो घेतले.

गाईड म्हणून एक कॉलेजातली वाटावी अशी मुलगी होती, गळ्यात माइक. तिने किल्ला दाखवला, पोर्तुगीजांनी बांधलेला. इथे अरबस्तानातून घोडे उतरायचे म्हणून घोडबंदर. हीच खाडी वर ठाण्याला वळसा घालून कल्याणपर्यंत जाते, तिथे महाराजांनी आरमाराची गलबतं बांधली. एका बाजूला डोंगराचं जंगल, दुसऱ्या बाजूला तिवरांची हिरवी भिंत, मध्ये आम्ही. मला वाटलं, तुम्ही ह्या रस्त्यावरून इतक्या वेळा बिघडलेल्या गाड्या आणायला गेलात, पण पाण्यावरून हे कधी पाहिलं नसणार. बाबा, फार सुंदर दिसतं. रस्त्यावरून जे नुसतं ट्रॅफिक आहे ते पाण्यातून बघितलं की एक गाव असल्यासारखं वाटतं.

आणि आई. आई पुढच्या फळीवर जाऊन बसलेली, चपला काढून, हात पाण्यात. मी म्हटलं, "पडशील." ती म्हणाली, "मी काय पडते! तरीतून शाळेत जायचे मी." तिच्या माहेरी देवगडकडे खाडी ओलांडायला होडी असायची, तिला 'तर' म्हणतात, हे मला माहीत होतं. पण आई त्या होडीत रोज सकाळी सगळ्यात पुढे बसायला भांडायची, कधीकधी तरवाला तिच्या हातात वल्हं द्यायचा, आणि लग्न होऊन ठाण्याला आल्यापासून ती एकदाही होडीत बसली नव्हती, हे मला त्या दिवशी कळलं. काकांना आधीच माहीत होतं. त्यांनी तिला विचारलेलं, लहानपणी काय आवडायचं म्हणून. इतकी साधी गोष्ट. आपल्या घरात कोणाला सुचली नव्हती एवढंच.

काकांना मात्र पाण्याची प्रचंड भीती. ते त्यांनी कोणाला सांगितलं नव्हतं. नागला बंदराच्या पुढे गेल्यावर बोट वळवताना ओहोटीमुळे खालून गाळाला टेकली आणि अडकली, तेव्हा ते उघड झालं. बोटवाल्याने बांबू टोचून बघितला, मग इंजिन बंद करून बिडी पेटवली. "घाबरू नका," म्हणाला, "भरती लागली का आपसूक उठंल." लोक चिडले, कोणी व्हिडिओ काढायला लागले, गाईडने बिचारीने आरमाराची गोष्ट पुन्हा पहिल्यापासून सुरू केली. बोट जरा तिरकी झालेली. काका बाकाची कड दोन्ही हातांनी धरून बसलेले, चेहरा पांढराफटक, कपाळावर घाम.

आई उठली. त्या तिरक्या बोटीत सरळ चालत आली आणि त्यांच्यासमोर बसली. म्हणाली, "इकडे बघा. पाण्याकडे नाही. माझ्याकडे बघा. मी आहे ना."

बाबा, तो आवाज मी ओळखला. तो मी शेवटचा ऐकला तुमच्या खाटेपाशी, सलाईनच्या सुईला तुमची शीर सापडत नव्हती आणि तुम्ही दुसरीकडे बघत होतात तेव्हा. तेच शब्द, तोच दम दिल्यासारखा पण खालचा सूर. बावीस वर्षं तो आवाज तिच्या गळ्यात नुसता पडून होता. माझ्याशी ती बोलते तो आवाज वेगळा आहे. तो आईचा आवाज आहे. हा बाईचा होता. मला एकदम रडू फुटायला लागलं आणि मी तिवरांकडे तोंड केलं.

थोड्या वेळाने काका सावरले. थर्मास काढून सगळ्यांना चहा देत सुटले, बोटवाल्यालासुद्धा. आई माझ्याजवळ येऊन बसली. हळू म्हणाली, "तुला नाही ना आवडले?"

मी जॅकेटचा पट्टा घट्ट करत राहिले.

"नसतील आवडले तर मी नाही म्हणून सांगते. माझं काही अडलेलं नाही."

माझ्या ओठांवर आलेलं, अगं, काही महिन्यांची ओळख, तुला काय कळतं त्या माणसाबद्दल? आणि तिथेच तुम्ही आठवलात. मी नववीत असेन. कसल्याशा भांडणात मी आईला म्हटलेलं, "तुला काय कळतं?" तुम्ही जेवत होतात. कधी आवाज न चढवणारा माणूस, तेव्हाही चढवला नाहीत. हातातला घास ताटात ठेवलात आणि म्हणालात, "तिला जे कळतं ते कळायला तुला अजून दोन जन्म लागतील. ऊठ, आधी तिला वाढ." मी रडत वाढलं होतं. मी आईच्या पानात भात वाढत होते आणि ती मलाच म्हणत होती, पुरे, पुरे गं.

तर बोटीत मी ते वाक्य गिळलं. म्हटलं, "चांगले आहेत. तीन मापांच्या टोप्या कोण आणतं?"

ती हसली. मग हसू गेलं. पलीकडे काका बिस्किटं वाटत होते, त्यांच्याकडे बघत म्हणाली, "ह्यांना काय वाटलं असतं गं?"

ह्यांना म्हणजे तुम्हाला. तिने अजून 'हे' दुसऱ्या कोणाला म्हटलेलं नाही.

मी म्हटलं, "बाबा मला म्हणालेले. हॉस्पिटलात. मला काही झालं तर तिला एकटी ठेवू नकोस, कोणी चांगलं भेटलं तर नाही म्हणू देऊ नकोस."

आई माझ्याकडे बघतच राहिली. "हे म्हणाले? हे?"

"हो."

"कधी? मी तर तिथेच होते."

"तू डबा आणायला घरी गेलेलीस ना, तेव्हा."

तिने पदराने डोळे टिपले. ऑपरेशन झालेले डोळे, चोळायचे नाहीत म्हणून नुसते टेकवून टेकवून. बऱ्याच वेळाने म्हणाली, "मला कधी बोलले नाहीत." आणि मग, "बोलायला लाजले असतील." बोटीखाली पाणी वाढत होतं, आम्हाला कळलंही नाही. एकदम हलकं वाटलं, बोट सरळ झाली, लोकांनी टाळ्या वाजवल्या. काकांनी दोन्ही हातांनी डोक्यावरची टोपी धरली.

पुढच्या महिन्यात लग्न आहे. रजिस्टर, दहा-बारा माणसं. राहायला काका डोंबिवलीत येतायत, आई शहाडला जायला तयार नाही. तुमचा फोटो भिंतीवर आहे तिथेच राहील, हे काकांनी स्वतःहून सांगितलं. उलट त्यांच्या मिसेसचा फोटो शेजारी लावू का, असं आईला विचारलं. आईने आधी भिंत पुसून घेतली, मग खिळा ठोकायला सुताराला बोलावलं.

तुम्हाला सांगायचं ते राहिलंच. आई डबा आणायला गेलेली तेव्हा तुम्ही माझ्याशी जेमतेम दोन वाक्यं बोललात. पंखा कमी कर म्हणालात, आणि तू जेवलीस का, असं विचारलंत. बाकी काही नाही. ते सगळं मी बोटीत बसून रचलं, तुमच्या नावावर. आता आई मावश्यांना, शेजाऱ्यांना, रिक्षावाल्यालाही सांगते, "ह्यांनीच सांगून ठेवलेलं." सांगताना तिचा चेहरा असा होतो, की तुम्ही आत्ताच तिच्या हातात डबा देऊन मोरीत गेला आहात.

हे पत्र पाठवायची सोय नाही, आणि घरात ठेवलं तर कधीतरी तिच्या हाती लागेल, म्हणून लिहून झालं की फाडणार आहे. ती तुमच्याकडे येईल तेव्हा येईल, घाई करू नका. पण आली की पहिलं हेच विचारेल. तिला थोडा संशय आहे असं मला वाटतं. तेव्हा तुम्ही सवयीप्रमाणे गप्प बसू नका. एवढं एकदा हो म्हणा.