छान काढलाय

४ नोव्हेंबर, सोमवार

आलो एकदाचे. हमाल दोन फेऱ्यांचे मागत होता, त्याला आधी चहा पाजला आणि एका फेरीवर आणला. खाली दुकान, वर आम्ही. वर दोन खोल्या आणि स्वयंपाकघर. जिना लाकडी आहे, प्रत्येक पायरी आपापल्या आवाजात कुरकुरते. सासूबाई म्हणाल्या, बरंच झालं, चोर आला तर आधी जिनाच बोंब मारेल. पहिलं काम म्हणजे कोनाडा पुसून देव मांडला. मूर्ती वीतभरसुद्धा नाही, पितळेची, पण आईने दिलेली. दिवा लागला तेव्हा घर आपलं झालं.

ही रोजनिशी गेल्या वर्षीची, निम्म्या किमतीत मिळाली. तारखा त्याच असतात, वार तेवढे खोडून वर बरोबर लिहायचे. शाई थोडी जास्त जाते, चालायचंच.

ह्यांची चौदा वर्षं कचेरीसमोरच्या टपरीत पासफोटो काढण्यात गेली. हनुवटी खाली, कान दिसू द्या, पुढचा. आणि एकालाही स्वतःचा फोटो आवडायचा नाही. हे घरी येऊन म्हणायचे, माणसं माझ्यासमोर येऊन बसतात आणि चेहरा तेवढा घरी ठेवून येतात. आपला स्टुडिओ असावा, माणसाला निवांत बसवून त्याचं खरं चित्र काढावं, हा ध्यास. आता इथल्या म्हाताऱ्या फोटोग्राफरचे हात थरथरू लागले म्हणून त्यांनी दुकान सोडलं आणि ह्यांचं नशीब उघडलं. भाडं ऐकून मला वाटलं माझ्याच ऐकण्यात चूक झाली. अट एकच, तिथला तीन पायांचा मोठा कॅमेरा दुकानासोबत घ्यायचा आणि तोच वापरायचा. हे म्हणाले, ही काय अट झाली? हे तर बक्षीस!

दर्शनी काचेत एका बाईचा फोटो आहे. हसू नुकतंच ओठांवर येऊन पोचलंय आणि समोर कोणी तरी फार आवडतं माणूस उभं आहे, असा. वरचा एक दात किंचित पुढे. सामान उतरवायचं सोडून मी बघतच राहिले. आमची चिमणी (सहा वर्षांची आहे, शाळेत नाव वेगळं) म्हणाली, आई, ही तुझ्याकडे बघून हसते.

१० नोव्हेंबर, रविवार

गिऱ्हाईक येईपर्यंत हात बसावा म्हणून आज सासूबाईंना बसवलं. मी खिडकीसमोर पांढरी चादर धरून उभी, म्हणजे उजेड गालावर पडतो. चिमणीने काळ्या फडक्याखाली डोकं घालून पाहिलं. आत माणूस उलटं दिसतं. आजी वटवाघळासारखी टांगली, पण चष्मा पडत नाही, म्हणून तिने घर डोक्यावर घेतलं. सासूबाई म्हणाल्या, आज काय एवढं कौतुक, मेल्यावर भिंतीला लावायला हवाय वाटतं?

ह्यांनी घाई केली नाही. कॅमेऱ्याशेजारी स्टुलावर बसून आईशी बोलत राहिले. लहानपणच्या तापाचं, बुटांचं, कुठलंही. मला नंतर म्हणाले, चेहरा बसवून येत नसतो. तो येतो आणि जातो, आपण फक्त दारात उभं राहायचं. बोलता बोलता त्या ह्यांच्याकडे पाहून अशा काही झाल्या, आणि खट् आवाज आला.

संध्याकाळी फोटो धुऊन वर आणला. सासूबाई ह्यांच्याकडे कशा बघतात ते मी लग्न झाल्यापासून रोज पाहते, पण ते असं हातात धरता येईल असं वाटलं नव्हतं. मी म्हटलं, छान काढलाय.

आज सासूबाई ह्यांच्या आधी जेवल्या. ह्यांना उशीर झाला की एरवी ताट झाकून बसतात, मलाही बसवतात. आज हात धुऊन म्हणाल्या, भूक लागली की येईल. दमल्या असतील.

१९ नोव्हेंबर, मंगळवार

काचेत त्या हसऱ्या बाईशेजारी सासूबाईंचा फोटो लावला आणि गर्दी सुरू झाली. बँकेतले साहेब, नवं जोडपं, शाळेच्या बाई. ह्यांची युक्ती आता पक्की झाली आहे. ज्याच्याकडे बघून चेहरा खुलतो त्यालाच कॅमेऱ्याशेजारी उभं करायचं. नवऱ्यासाठी बायको, बाईंसाठी एखादी आवडती विद्यार्थिनी.

शेजारची शिंपीण आज बसली. फार खट्याळ बाई. आल्या दिवसापासून माझ्या मागे लागली आहे. वहिनी, तुम्ही काडेपेटीतल्या काड्यासुद्धा मोजता म्हणे! वहिनी, साबण फार वापरू नका, मळ रुसेल. मला राग येत नाही, उलट तिचं पायडल ऐकू आलं की आता काय बोलते म्हणून मीच कान देते. तिच्यासाठी ह्यांनी मला उभं केलं आणि म्हणाले, बोला वहिनींना काही तरी. तिने डोळे बारीक केले, जीभ गालात घातली, आणि खट्.

तिच्यासारखी तीच. फोटो बघून माझंच हसू थांबेना.

२८ नोव्हेंबर, गुरुवार

ह्यांचा शिंपिणीचा फोटो मोठ्या साप्ताहिकात आला. राजधानीतल्या कलादालनातून पत्र आलं आहे, ह्यांच्या एकट्याच्या फोटोंचं प्रदर्शन भरवणार. टपरीत हाडं झिजवलेल्या माणसाला हे मिळालं म्हणून मी देवासमोर डोळे पुसले. माझं गाऱ्हाणं, आनंद, सगळं तिथेच. डोळे मिटले की कोणी तरी ऐकतंय असं नक्की कळतं. कसं ते सांगता यायचं नाही.

मन मात्र थाऱ्यावर नाही. हातात घेतलेलं काम सुटतंय. ह्यांना दोन दिवस ताप होता. सासूबाई शेजारच्या खोलीत असून डोकावल्या नाहीत. मी सांगितलं तर म्हणाल्या, डॉक्टरला दाखवा की. रागावलेल्या नव्हत्या. दूधवाला आजारी असल्यासारखं म्हणाल्या.

आणि शिंपीण. आज परकर टाकायला गेले तेव्हा तिला हसवावं म्हणून मीच म्हटलं, अहो, काडेपेटीतल्या दोन काड्या कमी भरल्या, तुम्ही तर नाही ना घेतल्या?

ती म्हणाली, नाही. मोजाव्यात. चांगली सवय आहे.

आणि मापाची पट्टी उचलली.

६ डिसेंबर, शुक्रवार

दुपारी काच पुसत होते. एक म्हातारी बाई येऊन त्या हसऱ्या फोटोसमोर उभी राहिली. सारवलेल्या भिंतीसारखा चेहरा. दुःखी म्हणावं तर तसंही नाही. काही विचारायला तिने तोंड उघडलं आणि वरचा पुढे आलेला दात दिसला.

फोटोतली तीच. म्हाताऱ्या फोटोग्राफरची बायको.

काही तरी बोलायचं म्हणून मी म्हटलं, किती छान काढलाय.

ती म्हणाली, हो. काढलाच.

मग आपणहून सांगत गेली, भाजीचा भाव सांगावा तसं. लग्नाला वर्ष झालं होतं. नवऱ्याने स्वतःकडे बघायला सांगितलं आणि काढला. त्या दिवसापासून तो चेहरा त्या फोटोतच आहे. नंतर नवऱ्याकडे पाहिलं की नवरा दिसायचा, एवढंच. त्यांना ते कळलं तेव्हा ते फार रडले, फोटो जाळायला निघाले. तिनेच अडवलं. असू दे, कुठे तरी आहे, जाळला तर तेवढाही नाही. घरात लावला तर त्यांना बघवेना, म्हणून दुकानात.

जाताना तिने विचारलं, तुम्हाला मूल आहे का?

१४ डिसेंबर, शनिवार

आज ह्यांना सगळं सांगितलं. सासूबाईंचं, शिंपिणीचं, त्या बाईचं. वाटलं होतं हसतील. हसले नाहीत. हातातली काच पुसत राहिले, मग म्हणाले की आई आधी जेवते हे पहिल्याच दिवशी त्यांच्या लक्षात आलं होतं.

लक्षात आलं होतं!

म्हणाले, मी काय कोणाला ओढून आणतो? आपल्या पायांनी येतात. आणि तो चेहरा त्यांच्याजवळ राहिला असता तर किती दिवस? म्हातारा झाला असता, विझला असता, त्यांच्याबरोबर मातीत गेला असता. इथे राहील. आईचं माझ्यावरचं प्रेम आता कधीच मरणार नाही, तुला कळतंय का, असं विचारलं. मला त्यांची कीव आली आणि भीतीही वाटली, दोन्ही एकदम.

मग म्हणाले, प्रदर्शनाला अजून दोन हवेत. चिमणी दारात दोरीवरच्या उड्या मारत होती, तिच्याकडे बघत होते.

मी सांगितलं की तिला हात लावायचा नाही. ते म्हणाले, बरं. फार लवकर म्हणाले.

१६ डिसेंबर

वार दुरुस्त करायचा राहिला. असू दे.

सकाळी देवासमोर बसले होते. चिमणीसाठी मागत होते, डोळे मिटून, सगळं विसरून. जिन्यावर टक् टक् होत होतं. वाटलं हे ट्रंक वर आणतायत. लक्ष दिलं नाही. माझं लक्ष जिथे होतं तिथे होतं —

खट्.

वळून पाहिलं. दारात तीन पाय आणि काळं फडकं. फडक्याखालून ह्यांचा आवाज आला. म्हणाले, झालं. हलू नकोस म्हणायचीही गरज पडली नाही.

१७ डिसेंबर

दिवा लावला. हात जोडले. डोळे मिटले.

काही नाही.

डोळे उघडले. पितळ आहे. घासायला झालंय.

संध्याकाळी पुन्हा बसले. सगळं म्हटलं, पाठ आहे. रिकाम्या घराची कडी वाजवल्यासारखं झालं.

हे फोटो घेऊन आले. मी बघायला नको होता. त्यात मी कोणाशी तरी बोलतेय आणि ते कोणी तरी ऐकतंय. इतकं स्पष्ट. छान काढलाय. मी फाडायला हात उचलला आणि ती म्हातारी आठवली. जाळला तर तेवढाही नाही.

ठेवला.

चिमणी धावत आली, गळ्यात पडली. तिची नजर अजून तशीच. मला बघितलं की दिवा लागतो तिच्या तोंडावर. माझाही जीव तसाच गोळा होतो. हे आहे अजून. हे शाबूत आहे.

ह्यांनी तिला नवा फ्रॉक आणलाय.

१८ डिसेंबर

बहिणीकडे जायचं. उद्या सकाळची पहिली गाडी. बोचकं बांधलं, पिठाच्या डब्यामागे ठेवलं.

सासूबाईंना सांगितलं, पोरीला काही होऊ देऊ नका. त्या शेंगा सोलत म्हणाल्या, बापच आहे तिचा, फोटोच काढतोय.

दाराला आतून कडी लावायला गेले. कडी नाही. चार भोकं फक्त. ह्यांनी काढली.

कोणाला सांगू? जिथे सांगत होते तिथे आता —

१९

परसात बादली ठेवायला गेले, तेवढ्यात. वर आले तर अंथरूण रिकामं. बोचकं सोडलेलं. फ्रॉकचा खोका उघडा.

खाली आहे ती. ह्यांच्याशी बोलतेय. हसतेय, पण ते हसू नाही. ते ह्यांना माहीत आहे. ते फक्त मला बघून येतं.

हे जिन्यातून हाक मारतायत. जरा खाली ये, नुसती येऊन उभी राहा.

नाही जायचं. पाय उठतायत, नाही जायचं. मी दारात दिसले की ती बघेल, आणि मग — पदर तोंडावर घेऊन तिला उचलून आणू? पदरानेही ओळखते ती. पावलांनी ओळखते.

जोवर मला बघत नाही तोवर ते तिच्याजवळ आहे.

हाका थांबल्या.

जिना. टक्. टक्. टक्. आणि पुढे छोटी पावलं, नवे बूट.

तोंड फिरवून कोपऱ्यात बसले आहे. वही गुडघ्यावर. लिहीत राहायचं. मान खाली, काहीही लिहायचं. साबण अर्धी वडी. तेल संपत आलंय. दूध — दूध —

दार उघडलं. पळत आली. माझ्यासमोर येऊन बसली, खाली, वहीला लागून. फ्रॉकची किनार दिसतेय. निळी आहे.

विचारतेय, आई, रुसलीस का गं?

मागे तीन पाय टेकले.

आई, माझा फ्रॉक बघ ना. आई, एकदाच.

रडकुंडीला आलीय. हनुवटीला हात लावतेय माझ्या. गार हात. उचलतेय. लिहिते आहे मी. चिमणे, मी लिहिते आहे, मी वर बघणार ना