क्री नाताळ आणि टार्निटचा पॅडी

टार्निट, मेलबर्न
डिसेंबरचा दुसरा रविवार

प्रिय शमुवेल,

सप्रेम सलाम. मिरजेच्या थंडीत तुझा गुडघा फार कुरकुरत नसेल आणि सलोमीमावशींचा आवाज अजून चर्चच्या शेवटच्या बाकापर्यंत पोचत असेल, असं धरून चालतो. इकडे सगळे ठीक. फक्त मी कोण, एवढंच जरा कळेनासं झालंय.

तुला ठाऊकच आहे, मिरजेत लग्नाचे कर्णे खांबाला बांधण्यापासून सुरुवात केलेला मी, आता इथे माझी स्वतःची साउंड सिस्टिम भाड्याने देतो (व्हॅनवर नाव आहे, फोटो पाठवला होता, तू नुसता अंगठा दाखवलास). स्पीकर आजारी असला की तो खोकायच्या आधी मला कळतं. तर आमच्या मितालीने युनिव्हर्सिटीतून येताना गाडीत एक अल्बम लावला. कॅनडात क्री म्हणून तिथले मूळ रहिवासी आहेत, त्यांच्यातल्या एका गायकाने नाताळची जुनी गाणी गायलीत, गिटार आणि हातातल्या ढोलावर. चाली ओळखीच्या, तुमच्या चर्चमध्ये माइक लावताना कानावरून गेलेल्या. शब्द मात्र त्याच्या भाषेतले. खाली ढोल, वर आवाज, दोन्ही इतके स्वच्छ की तेव्हापासून ‘हॅलो, माइक टेस्टिंग’ सोडून मी प्रत्येक स्पीकर त्यातल्या एकाच गाण्यावर तपासतो. तपासता तपासता ते पाठ झालं. अर्थ एका शब्दाचा माहीत नाही. (चित्रलेखा बायकोच्या अधिकाराने म्हणते, “गणपतीत आरतीला नुसते ओठ हलवतोस, आणि हे बरं कडव्यांसकट येतं!”)

परवा बागेत आमच्या गल्लीच्या कॅरल्सची, म्हणजे नाताळच्या गाण्यांच्या कार्यक्रमाची, तयारी होती. उकाडा असा, की स्टेजवरचा कापसाचा बर्फसुद्धा घामेजला होता. मी गाणं लावलं आणि सवयीने माइकवर बरोबरीने गायलो. समोरच्या घरातल्या ग्लेनिसबाई हसत, डोळे पुसत आल्या. (कार्यक्रम त्याच करतात, नवरा गेल्यानंतर यंदा पहिल्यांदाच उभ्या राहिल्यात.) म्हणाल्या, “पॅडी, युअर लँग्वेज इज ब्यूटिफुल, मेट!” (पद्माकरचा इथे पॅडी झालाय, आणि मेट म्हणजे दोस्त.) मला वाटलं, मराठीचं कौतुक चाललंय. ते कुणी करत असेल तर मी अडवत नाही. थँक यू म्हणालो. संध्याकाळी पोस्टर लागलं: चोवीस तारखेला पॅडी आपल्या मातृभाषेत कॅरल्स गाणार!

मिताली भडकली. “डॅड, दॅट्स सो नॉट ओके! त्याचं गाणं आहे ते. आत्ताच्या आत्ता जाऊन सांग.” बरोबर आहे पोरीचं. त्याने आपल्या लोकांची भाषा जिवापाड जपून गायची आणि टाळ्या मिरजेच्या कर्णेवाल्याने घ्यायच्या? पण इतक्या महिन्यांनी हसलेल्या बाईला सांगायचं कसं? मी दोनदा गेलो, दोन्ही वेळा तिने मिन्स पाय खाऊ घातला आणि मी तोंड पुसत परत आलो. (नावाला घाबरू नकोस, त्यात ना खिमा ना पाय, सुक्या मेव्याचा गोड कानवलाच असतो.)

असो. लोभ आहेच, आवाजाचं तेवढं बघ.

तुझा
पद्माकर

ता. क.: आवाज म्हणजे मावशींचा. ढोलकीवर त्या नाताळची मराठी गाणी म्हणतात, त्यातलं एक फोनवर रेकॉर्ड करून शब्दांसकट ताबडतोब पाठव. मातृभाषा म्हणून जाहीर झालंय, तर मातृभाषेतच गाईन. कुणाकडून शिकलो तेही माइकवर सांगेन.

ता. क. दुसरा: शेवटी आज मिन्स पाय हातात यायच्या आधीच बोललो. “ग्लेनिस, ते गाणं माझं नाही, कॅनडातल्या क्री गायकाचं आहे.” तिने माझे दोन्ही हात धरले. “ओह पॅडी, म्हणजे तू कॅनडाचा! आणि मी इतकी वर्षं तुला इंडियन समजत होते. सॉरी, मेट!” पोस्टर बदललंय, आता मी ‘कॅनडाचा पॅडी’. मिताली माझ्याशी बोलत नाही. चित्रलेखाने मात्र चोवीस तारखेसाठी माझा लोकरीचा स्वेटर काढून ठेवलाय. बाहेर एकोणचाळीस डिग्री आहे.