दोन एक्सचे नर

सातारा,
बुधवार

प्रिय अक्का,

हे पत्र मुद्दाम तुझ्या अंगणवाडीच्या पत्त्यावर पाठवते आहे. आष्ट्याच्या घरी आलं असतं तर तुझ्या सासूबाईंनी कुणाकडून तरी वाचून घेतलं असतं, आणि तुझा मोबाईल तुझ्यापेक्षा तुझ्या लेकीच्या, प्रांजलच्याच हातात जास्त. मुलं घरी गेली की एकटी बसून वाच. रविवारी तुझा फोन आल्यापासून माझं कशात लक्ष नाही. तीन दिवसांत तीन कागद फाडले.

तू नेहमी विचारतेस, कॉलेजात मी दिवसभर करते तरी काय. मी सूत्रकृमी वाढवते. मिलिमीटरभर लांबीचे, काचेसारखे आरपार दिसणारे किडे. दोन एक्स गुणसूत्रं असली की किडा उभयलिंगी होतो, एकट्यानंच पिलं घालतो. एकच एक्स असलं की नर. माणसातलं वाय त्यांच्यात नसतंच. नराची शेपटी पंख्यासारखी, लगेच ओळखू येते. पण माझ्याकडे एक वाण आहे, त्यात एकच जनुक बिघडलंय. एक्स दोन, तरी शरीर नराचं. परवा अंकिता नावाच्या माझ्या विद्यार्थिनीनं सूक्ष्मदर्शकातून मान वर करून विचारलं, "मॅडम, मग ह्याला खरं काय म्हणायचं?" मी हात धुवायचं निमित्त करून बाहेर आले.

एकोणीसची असताना सांगलीला माझं ऑपरेशन झालं, तुला आठवत असेल. पाळी मला तोवर आलीच नव्हती. डॉक्टर आईशी बोलले, माझ्याशी नाही. परतीच्या एसटीत आपलं कुंडल येईपर्यंत आईनं माझा हात सोडला नाही. कुणी विचारलं की म्हणायची, "गाठ हुती, काढली." पुढे तुझ्या दिरानं, विश्वजीतनं, मागणी घातली. सुट्टीवर आलेला फौजी, सरळ माणूस. मलाही तो आवडला होता. मी नाही म्हटलं तेव्हा तू म्हणालीस, "शिकलीस म्हणून लय माज आलाय तुला." मग दोन वर्षं माझ्याशी बोलली नाहीस.

त्या मागणीच्या आदल्या वर्षी मी पुण्यात स्वतःची गुणसूत्रं तपासून घेतली होती. अक्का, माझ्यात एक एक्स आहे आणि एक वाय, पुरुषांत असतं तसं. पण पुरुषी संप्रेरकाला माझं शरीर दाद देत नाही, म्हणून वाढ बाईची झाली. गर्भाशय नाही. आई जिला गाठ म्हणायची ती गाठ नव्हती, पोटात राहिलेली वृषणं होती. ती काढल्यावर हाडांसाठी संप्रेरकाच्या गोळ्या घ्यायच्या असतात, हे वर्षानुवर्षं कुणी सांगितलं नाही. आज चाळिशीच्या आत माझी हाडं म्हातारीसारखी झालीत. आईवर मी फार चिडले होते. आता वाटतं, तिला तरी कुणी नीट समजावलं होतं का?

हा फरक आईकडून तुझ्यासारख्या दोन एक्सच्या मुलीकडेही जाऊ शकतो, त्या मुलीला स्वतःला काही होत नाही, आणि तो तिच्या पोटी पुन्हा दिसू शकतो. रविवारी तू म्हणालीस, "प्रांजल सोळाची झाली, अजून पाळी न्हाई. ल्हानपणी हर्निया झालता, तितंच गाठी हायत म्हनं. सोमवारी काढनार." मी "बरं" म्हणून फोन ठेवला, आणि तेव्हापासून त्या एका शब्दाची लाज वाटते आहे. सोमवारी सही करू नकोस. आधी गुणसूत्रांची तपासणी होऊ दे, यातल्या जाणकार डॉक्टरांना दाखवू. माझा अंदाज चुकला तर उत्तमच. शनिवारी दुपारी मी येते. खरं निघालं तर प्रांजलला मी सांगेन, तू शेजारी बस. कसं सांगायचं ते अजून सुचलेलं नाही, पण तिच्या वयात मला काय ऐकायचं होतं, ते मला पक्कं माहीत आहे.

तुझीच,
संयोगिता